सह्यांपासून मतपत्रिकेपर्यंत : कॅलिफोर्नियात नागरिकांनी कायदा कसा मांडावा

कॅलिफोर्नियातल्या मतदाराला असा एक हक्क आहे जो भारतातल्या मतदाराला नाही. कायद्याचा मजकूर स्वतः लिहायचा, त्यावर सह्या गोळा करायच्या आणि विधिमंडळाची पायरी न चढता तो थेट मतपत्रिकेवर न्यायचा. याला इथे ‘इनिशिएटिव्ह’ म्हणतात. महाराष्ट्रात दारूच्या दुकानावर ‘उभी बाटली, आडवी बाटली’ असं मतदान होतं, त्याच्या जवळ जाणारी ही गोष्ट. फरक एवढाच की तिथे प्रश्न सरकारने आखून दिलेला असतो आणि इथे प्रश्नही आपणच लिहितो.

हा हक्क १० ऑक्टोबर १९११ च्या मतदानाने राज्यघटनेत आला. त्या काळी सदर्न पॅसिफिक रेल्वे कंपनीचा राज्याच्या राजकारणावर प्रचंड वरचष्मा होता आणि तो मोडून काढण्याच्या आश्वासनावर हिराम जॉन्सन गव्हर्नर झाले होते. साउथ डकोटाने १८९८ मध्ये आणि ओरेगनने १९०२ मध्ये अशी तरतूद आधीच केली होती. म्हणजे सत्तेला वेसण घालण्यासाठी लोकांनी हे साधन मिळवलं. पुढचं सगळं वाचताना एवढं ध्यानात असू द्या, कारण हेच साधन शेजाऱ्याच्या गळ्याला फास लावायलाही चालतं, आणि तसं ते चाललेलं आहे.

आधी शहर, मग राज्य

नवख्या माणसाला पहिल्यांदा राज्यभराचा कायदा सुचतो. त्याने आधी हा हिशेब मांडावा. राज्यात साधा कायदा मांडायला मागच्या गव्हर्नर निवडणुकीत पडलेल्या मतांच्या ५ टक्के सह्या लागतात आणि घटनादुरुस्तीला ८ टक्के. २०२२ च्या निवडणुकीवरून हे आकडे ५,४६,६५१ आणि ८,७४,६४१ असे येतात. या ग्राह्य सह्या झाल्या. गोळा केलेल्यांपैकी पाऊण हिस्सा ग्राह्य ठरेल असं धरलं आणि नमुना तपासणीत (थोड्याच सह्या निवडून एकूण ग्राह्य सह्यांचा अंदाज काढणं) सहज पार व्हायचं ठरवलं, तर साध्या कायद्यालाही आठ लाखांच्या आसपास सह्या हव्यात. मुदत १८० दिवसांची. म्हणजे एकही सुटी न घेता रोज साडेचार हजार. एका माणसाला तासाला दहा सह्या मिळाल्या असं समजलं, तरी रोजचे साडेचारशे तास उभं राहणं आलं. म्हणूनच राज्याच्या प्रस्तावांवर पैसे घेऊन सह्या गोळा करणाऱ्या कंपन्यांचं राज्य चालतं. कोलोरॅडोने असे पैसे देण्यावर बंदी घातली होती. ‘मायर विरुद्ध ग्रँट’ या १९८८ च्या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ती एकमताने उडवली, कारण सही मागणं हे राजकीय भाषण आहे आणि ते सरकारला असं आवळता येत नाही.

शहरात चित्र वेगळं दिसतं. तिथे नोंदलेल्या मतदारांच्या १० टक्के सह्या लागतात. ६०,००० मतदारांच्या शहराला ६,००० ग्राह्य सह्या पुरतात, म्हणून ८,००० गोळा करायच्या. चाळीस स्वयंसेवकांनी सहा महिन्यांत प्रत्येकी दोनशे आणल्या की काम होतं. हे घरदार सांभाळून करता येतं. तेव्हा पहिला प्रयोग शहरातच करावा. इथे दिलेली पद्धत राज्याच्या सर्वसाधारण कायद्याप्रमाणे चालणाऱ्या शहरांची आहे. आपल्या शहराची स्वतःची सनद म्हणजे चार्टर असेल तर टक्के आणि मुदती वेगळ्या असू शकतात. सुरुवातीलाच सिटी क्लर्कला, म्हणजे शहराच्या निवडणुकांचं काम पाहणाऱ्या अधिकाऱ्याला, ईमेलने विचारा आणि उत्तर जपून ठेवा.

मजकूर : सगळ्यात जास्त वेळ इथे द्या

प्रस्ताव म्हणजे मागणीपत्र नव्हे. ‘शहराने अमुक करावं असं आम्हांला वाटतं’ हे वाक्य मतपत्रिकेवर गेलं तरी त्याचा कायदा होत नाही. व्याख्या, कलमं, अंमल कोण करणार, उल्लंघन झालं तर काय, हे सगळं त्यात हवं. शहरातला प्रस्ताव धोरण ठरवणारा असावा लागतो. एखादं कंत्राट अमक्याला द्या किंवा तमक्या खांबाची दुरुस्ती करा, असल्या कारभाराच्या बाबी यात बसत नाहीत. राज्याच्या कायद्याने आधीच व्यापलेल्या विषयातही शहराला हात घालता येत नाही.

राज्याच्या घटनेने चार कुंपणं घातली आहेत. एका प्रस्तावात एकच विषय हवा. कुणा व्यक्तीला नाव घेऊन पदावर बसवता येत नाही, किंवा एखाद्या खासगी कंपनीला नाव घेऊन काम वा अधिकार देता येत नाही. आणि घटनेत दुरुस्ती चालते, पण तिची चौकट बदलणारी फेररचना सह्यांच्या वाटेने करता येत नाही. चौथं कुंपण किती महागात पडतं ते जून २०२४ मध्ये दिसलं. कर वाढवण्यावर मतदारांची मंजुरी सक्तीची करणारा प्रस्ताव सह्यांनिशी पात्र ठरला होता. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने तो फेररचना ठरवून मतपत्रिकेवरून काढून टाकला. कॅलिफोर्नियाचे तीन तुकडे करण्याचा प्रस्तावही २०१८ मध्ये मतदानाआधीच न्यायालयाने उतरवला होता. सह्यांवरची सगळी मेहनत अशी पाण्यात जाऊ नये म्हणून निवडणूक कायदा जाणणाऱ्या वकिलाला मजकूर सह्यांच्या आधी दाखवावा. राज्याच्या प्रस्तावासाठी २५ मतदारांनी लेखी विनंती केली तर विधिमंडळाचं लेजिस्लेटिव्ह कौन्सेल कार्यालय मसुद्याला मदत करतं. ही सोय फार कमी लोकांना माहीत असते.

आता स्वातंत्र्याचा मुद्दा. मसुद्यातल्या प्रत्येक कलमापुढे एक प्रश्न लिहा : हे कलम सरकारला अडवतं की माणसाला? १९२० मध्ये याच राज्यात, याच पद्धतीने, मतदारांनी परदेशीयांच्या जमीनधारणेविरुद्धचा कायदा मोठ्या बहुमताने मंजूर केला. ‘नागरिकत्वास अपात्र परदेशी’ अशी त्यातली शब्दरचना. रोख जपानी शेतकऱ्यांवर होता. पण १९२३ मध्ये, नागरिकत्व मागणाऱ्या भगतसिंग थिंड यांच्या खटल्यात, अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने भारतीयांना नागरिकत्वास अपात्र ठरवलं आणि तीच शब्दरचना मध्य कॅलिफोर्नियात शेती करणाऱ्या पंजाबी कुटुंबांवर येऊन आदळली. अनेकांना जमिनी दुसऱ्यांच्या नावावर ठेवाव्या लागल्या. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा १९५२ मध्ये घटनाबाह्य ठरवला आणि १९५६ मध्ये मतदारांनीच तो रद्द केला. छत्तीस वर्षं गेली. एका व्याख्येतले तीन शब्द कुणावर पडतील हे लिहिणाऱ्याला कळत नाही, म्हणून व्याख्या माणसांच्या गटांवर बेतू नयेत, कृतींवर बेताव्यात.

याच राज्यात याच साधनाने उलट दिशेचंही काम झालं आहे. १९९६ मध्ये प्रपोझिशन २१५ ने (मतपत्रिकेवरच्या प्रस्तावाला इथे ‘प्रपोझिशन’ म्हणतात) आजारी माणसाला डॉक्टरांच्या शिफारशीने गांजा वापरण्याची मुभा दिली. विधिमंडळाने मंजूर केलेली अशी विधेयकं त्याआधी गव्हर्नरने नाकारली होती.

शेवटची दोन कलमं विसरू नका. एक, पृथक्करणाचं : एखादा भाग न्यायालयाने रद्द केला तरी बाकीचा टिकावा. दुसरं, बदल करण्याचं. मतदारांनी मंजूर केलेल्या कायद्याला विधिमंडळ किंवा सिटी कौन्सिल (शहराची निवडून आलेली परिषद) परस्पर हात लावू शकत नाही, प्रस्तावातच तशी परवानगी असेल तरच लावू शकतं. काहीच लिहिलं नाही तर साधी चूक सुधारायलाही पुन्हा मतदान. सरसकट मोकळीक दिली तर वर्षभरात मूळ हेतू पुसला जाईल. २०२० च्या खासगी माहिती संरक्षणाच्या प्रपोझिशन २४ मध्ये मधला रस्ता आहे : कायद्याच्या हेतूला पुढे नेणारा बदल असेल तरच विधिमंडळाने साध्या बहुमताने तो करावा. ही रचना उचलण्यासारखी आहे.

नोटीस, शीर्षक, जाहिरात

शहरात पहिला अधिकृत कागद म्हणजे सह्यांची फेरी काढण्याच्या इराद्याची नोटीस. तिच्यावर एक ते तीन प्रस्तावकांच्या सह्या, सोबत पूर्ण मजकूर, आणि हवं असल्यास ५०० शब्दांपर्यंत कारणं. शुल्क जास्तीत जास्त २०० डॉलर. वर्षभरात सह्या पुरेशा असल्याचं प्रमाणपत्र मिळालं की परत मिळतं. मग सिटी ॲटर्नी, म्हणजे शहराचा वकील, १५ दिवसांत शीर्षक आणि सारांश लिहून देतो. तो हातात पडला की १८० दिवसांचं घड्याळ सुरू. नोटीस, शीर्षक आणि सारांश स्थानिक वृत्तपत्रात छापायचा, छापल्याचा पुरावा क्लर्ककडे द्यायचा. छापून आल्यावरच पहिली सही. वृत्तपत्राची जाहिरात राहून गेली म्हणून चांगले प्रस्ताव बाद होतात. ही चूक अगदी टाळण्यासारखी आहे.

राज्यात हीच पायरी ॲटर्नी जनरल, म्हणजे राज्याच्या मुख्य कायदा अधिकाऱ्याच्या, कार्यालयात होते. शुल्क २,००० डॉलर, दोन वर्षांत प्रस्ताव पात्र ठरला तर परत. ३० दिवस जनतेच्या सूचनांसाठी, आणि त्यानंतर पाच दिवसांपर्यंत मजकुरात मूळ विषयाला धरून बदल करता येतात. पुढे खर्चाचा अंदाज येतो आणि १०० शब्दांत बसणारा सारांश मिळतो. शीर्षक आणि सारांश लिहिणारे तुम्ही नाही हे पक्कं समजून चाला. मजकूर जितका स्वच्छ, तितकी सारांशात वाकडं होण्याची शक्यता कमी.

सह्यांचा कागद

छपाईची जागा वाचवायला मजकूर संक्षिप्त करायचा मोह होतो. करू नका. सह्यांच्या कागदांच्या प्रत्येक संचात प्रस्तावाचा पूर्ण मजकूर हवा, नोटीस हवी, आणि सह्यांच्या प्रत्येक पानावर शीर्षक-सारांश हवा. सही मागणारा पगारी असू शकतो किंवा स्वयंसेवक, आणि ते विचारण्याचा तुम्हांला हक्क आहे, ही सूचनाही कायद्याने ठरवून दिलेल्या शब्दांत छापायची. छापण्याआधी नमुना क्लर्कला दाखवा. ते कायदेशीर सल्ला देणार नाहीत, पण उघड चूक असली तर बहुधा सांगतात.

सही करणाऱ्याने चार गोष्टी स्वतःच्या हाताने भरायच्या : सही, सुवाच्य नाव, राहत्या घराचा पत्ता, गाव. पोस्ट बॉक्स चालत नाही. आजोबांचा पत्ता नातवाने घाईत लिहून दिला तर ती ओळ धोक्यात येते. स्वतः लिहिता येत नसेल तर त्यासाठीची वेगळी तरतूद क्लर्ककडून समजून घ्यावी. सही करणारा त्या शहराचा नोंदलेला मतदार हवा. घर बदलून नोंदणी जुन्याच पत्त्यावर असणं हे बाद सह्यांचं एक नेहमीचं कारण. म्हणून टेबलावर मतदार नोंदणीचे अर्ज ठेवा. त्याच दिवशी किंवा आधी भरलेला अर्ज सह्या सादर होईपर्यंत काउंटीच्या निवडणूक कार्यालयात पोचला तर ती सही ग्राह्य धरतात.

सह्या गोळा करणाऱ्याला वयाची १८ वर्षं पूर्ण एवढीच अट आहे. तो मतदार नसला तरी चालतो, त्यामुळे नागरिकत्वाची वाट पाहणारी मंडळीही स्वयंसेवक म्हणून टेबलावर उभी राहू शकतात. सही मात्र त्यांनी करायची नाही. संच भरला की गोळा करणाऱ्याने शेवटचं निवेदन स्वतःच्या हस्ताक्षरात भरायचं : नाव, पत्ता, पहिल्या आणि शेवटच्या सहीची तारीख, आणि प्रत्येक सही डोळ्यांसमोर झाली हे शपथपूर्वक. दुकानाच्या काउंटरवर कागद ठेवून संध्याकाळी उचलून आणणं म्हणजे खोटी शपथ. निवेदन कोरं राहिलं तर त्या संचातल्या सगळ्याच सह्या गमवाव्या लागतात. रोज रात्री संच जमा करून घेणाऱ्या एका काटेकोर माणसाची नेमणूक करा. त्याने फक्त हे निवेदन आणि पत्त्यांचा रकाना तपासायचा. दहा उत्साही स्वयंसेवकांपेक्षा हा एक माणूस जास्त सह्या वाचवतो.

उभं कुठे राहायचं? फुटपाथ, उद्यानं, ग्रंथालयाबाहेरची मोकळी जागा इथे हक्काने. मॉलच्या बाबतीत कॅलिफोर्नियात जास्तीचं स्वातंत्र्य आहे. कॅम्पबेलच्या प्रूनयार्ड शॉपिंग सेंटरमध्ये शाळकरी मुलांना सह्या गोळा करताना बाहेर काढलं होतं. राज्याच्या घटनेने त्यांना तो हक्क दिला आहे हा निर्णय अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८० मध्ये कायम ठेवला. मात्र तो लोकांनी बसायच्या-रेंगाळायच्या सामाईक जागेपुरता. दुकानाच्या दारासमोरची पट्टी त्यात येत नाही असं राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये सांगितलं. मॉलचं व्यवस्थापन वेळ आणि जागेचे रास्त नियम लावू शकतं, तेव्हा आधी अर्ज करा.

‘माझी सही जगजाहीर होईल का?’ हा प्रश्न हमखास येतो. कॅलिफोर्नियात सह्यांचे कागद सार्वजनिक नोंद नाहीत. ते निवडणूक अधिकाऱ्यांपुरते राहतात. सह्या अपुऱ्या ठरल्या तर का, हे पाहण्यासाठी प्रस्तावकांना प्रमाणपत्रानंतर २१ दिवसांच्या आत तपासणी सुरू करता येते. या पत्त्यांवरून देणगीची पत्रं पाठवणं हा गुन्हा आहे. सहीच्या बदल्यात चहाचं कूपन देणंसुद्धा टाळा, मोबदला देऊन सही घेणं बेकायदा आहे. सही केलेल्याला मन बदलायचा हक्क आहे : कागद सादर होण्याआधी लेखी कळवलं की नाव निघतं.

दुबार सहीचं गणित

सगळे संच एकाच वेळी सादर करायचे; नंतर भर घालता येत नाही. ५०० पेक्षा जास्त सह्या असतील तर क्लर्क नमुना काढतो : ५०० किंवा ३ टक्के, जे जास्त असेल ते. यावरचा अंदाज गरजेच्या ११० टक्क्यांवर गेला की पात्र, ९५ च्या खाली गेला की बाद, मध्ये राहिला तर एकेक सही तपासतात. तपासणीला कामाचे ३० दिवस.

आपल्या उदाहरणात ८,००० सह्यांतून ५०० चा नमुना निघतो. म्हणजे नमुन्यातली एक सही १६ सह्यांच्या जागी उभी आहे. ४१० ग्राह्य निघाल्या तर अंदाज ६,५६०. ११० टक्क्यांची रेघ ६,६०० वर आहे, म्हणजे थोडक्यात हुकली. आता नमुन्यात एकाच माणसाच्या दोन सह्या सापडल्या तर? इतक्या छोट्या नमुन्यात जोडी सापडणं म्हणजे ढिगाऱ्यात तशा पुष्कळ असणार, म्हणून सूत्र १६ गुणिले १५, म्हणजे २४० सह्या वजा करतं. दोन जोड्या सापडल्या की अंदाज ६,०८०. चार सापडल्या की ५,६००, आणि ९५ टक्क्यांची रेघ ५,७०० वर. अख्खा प्रस्ताव चार विसरभोळ्या समर्थकांमुळे पडला, पूर्ण मोजणीची संधीही न मिळता. तेव्हा सही मागताना पहिलं वाक्य ‘आपण यावर आधी सही केली आहे का?’ हेच असावं, आणि सादर करण्याआधी नावं संगणकात भरून दुबार ओळी खोडून काढाव्यात. त्या खोडण्याचा अधिकार आणि पद्धत क्लर्ककडून आधीच लेखी घ्या.

पैशांचे नियम

वर्षभरात २,००० डॉलर जमले की तुम्ही ‘समिती’ ठरता. दहा दिवसांत समितीच्या नोंदणीचा फॉर्म ४१० भरायचा, पुढे ठरलेल्या तारखांना जमाखर्चाचा फॉर्म ४६०. खजिनदार नेमल्याशिवाय पैसा घ्यायचाही नाही, खर्चायचाही नाही. १०० डॉलर किंवा त्याहून जास्त रोख घेता येत नाही, आणि १०० डॉलर वा अधिक देणाऱ्याचं नाव, पत्ता, व्यवसाय आणि नोकरीचं ठिकाण नोंदवावं लागतं. एक गोष्ट आपल्या मंडळींसाठी खास : भारतातल्या काकांनी प्रेमाने पाठवलेले पैसे या खात्यात येऊ देऊ नका. परदेशातल्या परकीय नागरिकाची देणगी बेकायदा आहे, रक्कम कितीही लहान असो.

मतदानापर्यंत आणि नंतर

सह्या पुरेशा ठरल्या की कौन्सिलपुढे तीन वाटा : आहे तसा मंजूर करणं, निवडणुकीला पाठवणं, किंवा परिणामांचा अहवाल मागवणं. अहवालाला ३० दिवस मिळतात, आणि तो आल्यावर पहिल्या दोनपैकी एक निवडावंच लागतं. एक शब्दही बदलता येत नाही.

राज्यात या टप्प्यावर वाटाघाटीला जागा आहे. २५ टक्के सह्या झाल्या की कळवावं लागतं, विधिमंडळ जाहीर सुनावणी घेतं, आणि निवडणुकीच्या १३१ दिवस आधीपर्यंत प्रस्तावक प्रस्ताव मागे घेऊ शकतात. २०१८ मध्ये ॲलिस्टर मॅक्टॅगार्ट या बांधकाम व्यावसायिकाने ग्राहकांच्या खासगी माहितीबद्दलचा प्रस्ताव असाच मागे घेतला, कारण त्याच दिवशी, २८ जूनला, विधिमंडळाने तसा कायदा मंजूर केला. सह्यांच्या गठ्ठ्याचा दबाव नसता तर तो कायदा इतक्या घाईने झाला नसता. दोन वर्षांनी प्रपोझिशन २४ त्यांनीच मतदारांपुढे नेलं.

शहराच्या मतदार-पुस्तिकेत बाजूचा युक्तिवाद ३०० शब्दांत आणि विरोधकांना उत्तर २५० शब्दांत बसवायचं असतं. पहिल्या तीन ओळींत कायदा काय करतो ते सांगा. विशेषणं गाळा. मतपत्रिकेवरचा प्रश्न ७५ शब्दांच्या आत असतो आणि पुष्कळ लोक तेवढंच वाचतात.

मंजूर झाला तर शहराचा कायदा कौन्सिलने निकाल जाहीर केल्यावर दहा दिवसांनी लागू होतो. राज्याचा, सेक्रेटरी ऑफ स्टेटने (राज्याचे निवडणूक प्रमुख) निकाल प्रमाणित केल्यावर पाचव्या दिवशी. त्यानंतर न्यायालय. तिथे कायद्याचा बचाव सरकारने करायचा असतो आणि सरकारला तो नको असू शकतो. २००८ मध्ये समलिंगी विवाह रोखणारं प्रपोझिशन ८ साधारण ५२ टक्के मतांनी मंजूर झालं, फेडरल न्यायालयाने २०१० मध्ये ते घटनाबाह्य ठरवलं, राज्याच्या अधिकाऱ्यांनी अपील करायला नकार दिला, आणि २०१३ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की प्रस्तावकांना फेडरल न्यायालयात स्वतःहून बचाव करण्याचा अधिकार नाही. लोकांच्या विवाहाचा हक्क बहुमताने हिरावला गेला होता, तो असा परत आला. घटनेतले ते शब्द मतदारांनी २०२४ मध्ये काढून टाकले. तुमच्या मसुद्यातलं कुठलंही कलम अशा तपासणीत उभं राहील का, हे वकिलाला विचारायची वेळ पहिल्या सहीच्या आधीची.